वेरूळचा उतार

"मुलींची शर्यत खुलताबादच्या वेशीत संपणार!" पाथ्रीकर सर कर्ण्यातून ओरडत होते. "फीत तोडली की थांबायचं. पुढं वेरूळचा घाट आहे. घाटात एकाही मुलीनं पाऊल टाकायचं नाही!"

देवगिरी किल्ल्याच्या दारात आम्ही नऊजणी थंडीनं हात चोळत उभ्या होतो. मागं लोखंडी खिळ्यांचा थोरला दरवाजा, त्याच्या पलीकडं आभाळात घुसलेला चांदमिनार, आणि आमच्या पुढं मुलांचा घोळका. मुलं किल्ल्यापासून निघून थेट वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत पळणार होती. गेल्या वर्षापर्यंत मुलीही तिथपर्यंतच पळायच्या.

मी हात वर केला. "सर, दौलताबादचा घाट तर आम्हाला चढायचाच आहे ना?"

"चढायचा आहे."

"मग वेरूळचा उतरायला काय हरकत आहे? चढ झेपतो आणि उतार झेपत नाही, असं कसं?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. कर्णा खाली करून ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वैजयंता, उतारावर तोल जातो. गेल्या वर्षी तुझ्याच बहिणीचं काय झालं, ते मी तुला सांगायला पाहिजे का? आज तू पहिली येणार आहेस. फीत तोड, शाल घे आणि जूनमध्ये पुण्याला जा. नसतं डोकं चालवू नकोस."

पुण्याला जा म्हणजे तिथल्या क्रीडा वसतिगृहात जा. राहायचं, खायचं, शिकायचं आणि पळायचं. जिल्ह्यातून एकाच मुलीला जागा मिळणार होती आणि ती निवड सरांच्या हातात होती. मी एकोणीस वर्षांची होते. खुलताबादच्या बाहेर पडायला मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. मी हात खाली घेतला.

पाथ्रीकर सर वाईट माणूस होते असं मी आजही म्हणणार नाही. आमच्याकडं मुलींना मैदानावर आणलं ते त्यांनीच. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खुलताबादच्या बाजारात शिवणकाम करायचे. एक दिवस सर दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "एकनाथराव, तुमच्या दोन्ही पोरी हरणासारख्या पळतात. त्यांना पळायचे कपडे शिवा. लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोडा." दादांनी शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडातून आम्हा दोघींना गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या शिवल्या. बाजारातनं पहिल्यांदा त्या घालून पळालो तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर येऊन उभी होती. दादांनी मशीनवरून मान वर केली नाही, पण त्यांचा पाय त्या दिवशी जरा जोरातच चालत होता.

मोठी प्रयाग, म्हणजे आक्का, माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी आणि माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. मी तिच्या मागं पळून पळायला शिकले. गेल्या वर्षी याच शर्यतीत ती सगळ्या मुलींच्या पुढं होती, मुलांमधलेही चार-दोनच तिच्या पुढं उरले होते. वेरूळच्या घाटात, मधल्या मोठ्या वळणावर ती पडली. नडगीचं हाड मोडलं. मी तेव्हा काविळीनं अंथरुणावर होते, त्यामुळं मी काहीच पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, चक्कर आली. दादा म्हणाले, चक्कर आली. आक्का स्वतःही तेच म्हणाली.

हाड जुळलं, पण वाकडं. आक्का लंगडायला लागली, आणि दादांच्या दुकानात काजं-बटणं करत बसायला लागली. तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ती चक्कर गावात फिरायला लागली. नळावर तिची घेरी झाली आणि बाजारात पोचेपर्यंत तिचं फेफरं झालं.

शर्यतीच्या आठ दिवस आधी पैठणचे पाहुणे आक्काला बघायला आले होते. पोहे खाऊन झाले, चहा झाला. मग मुलाच्या मावशीनं बशी खाली ठेवली आणि अगदी मायेनं विचारलं, "फेफरं कवापासून येतंय हो पोरीला? लहानपणापासून, का आताच?"

"तिला फेफरं नाही!" मी दारातनं ओरडले.

"वैजे, आत जा," दादा म्हणाले.

आक्का उठली, सगळ्यांच्या बशा गोळा केल्या आणि मागं गेली. दादा सतरंजीवरची सुरकुती हातानं सारखी करत बसले. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्याशी भांडले. "तुम्ही बोलला का नाहीत? नुसती चक्कर होती म्हणून सांगायला काय झालं होतं?" दादा म्हणाले, "सांगून काय व्हायलंय?" त्यांनी दिवा जवळ ओढला आणि सुईत दोरा ओवायला लागले. तो त्यांना ओवता येत नव्हता. मला वाटलं, पाहुणे गेले म्हणून.

शर्यतीच्या दिवशी पहाटे आक्कानं माझी वेणी घट्ट घातली.

"फीत तोड आणि थांब," ती म्हणाली. "शहाणपणा करू नकोस. ऐकलंस का?"

"तू येशील ना?"

"येणारच. सरांनी बोलावलंय. वेशीत मांडवात बसवणारेत मला. शाल माझ्या हातानं द्यायचीय म्हणे." हे सांगताना ती माझ्या मागं उभी होती. तिचं तोंड मला दिसलं नाही.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो.

त्या रस्त्यावर पळणं म्हणजे किती जणांच्या पायांवर पाय ठेवणं असतं ते तेव्हा मला कळत नव्हतं. यादवांचं सैन्य त्या वाटेनं गेलं, दिल्लीहून हाकलून आणलेली माणसं त्या वाटेनं आली, फकीर आले, फौजा आल्या. मला एवढंच ठाऊक होतं की किल्ल्याची तटबंदी संपली की घाट सुरू होतो, आणि घाटाच्या अर्ध्यात जुनी दगडी वेस लागते तिथं श्वास तुटतो. ती दिल्ली दरवाजाची वेस मी पार केली तेव्हा माझ्या पुढं कन्नडची एक उंच मुलगी होती. सुलभा तिचं नाव. चढ संपता संपता मी तिला गाठलं. कागजीपुऱ्यात भिंतींवर ओले कागद वाळत घातले होते आणि बायका दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "भाग बेटी, भाग!" तिथं मी सुलभाच्या पुढं गेले. मग माळ लागला, सीताफळीची झुडपं लागली, आणि पांढरे घुमट दिसायला लागले. खुलताबाद आलं.

वेशीत फीत धरली होती. बाजूला मांडव. सर जीपनं केव्हाच येऊन पोचले होते आणि कर्णा पुन्हा त्यांच्या तोंडाला होता.

"ही बघा, आपल्याच गावची वैजयंता माळवदे पहिली येतेय! टाळ्या! हिचीच मोठी बहीण प्रयाग आज आपल्यामध्ये बसलेली आहे. ती बघा! गेल्या वर्षी घाटात चक्कर येऊन पडली बिचारी. म्हणूनच क्रीडा मंडळानं मुलींच्या काळजीपोटी ही शर्यत इथंच…"

मला आक्का दिसली. मांडवात मधोमध खुर्ची, तिच्यावर हिरव्या लुगड्यातली आक्का, मांडीवर शाल. सगळा गाव तिच्याकडं बघत होता. मागच्या बायका तर टाचा उंचावून बघत होत्या, जसं काही तिला आता पुन्हा चक्कर येणार होती आणि ती बघायची राहून जाईल. आक्काची मान खाली होती. पैठणच्या पाहुण्यांसमोर होती तशीच.

फीत माझ्या छातीला लागली आणि तुटली. मी थांबले नाही.

ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पाय थांबले नाहीत एवढं खरं. पण वेशीतनं आत शिरले, बाजाराला लागले, आणि डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली. त्याच घरची, त्याच रक्ताची पोरगी जर तोच घाट पळत उतरली, तर पुन्हा कुणी आमच्या दारात येऊन फेफरं म्हणायला धजणार नाही. मागं एकच गोंधळ उठला होता. "थांब! अगं ए, संपली शर्यत!" सरांचा आवाज कर्ण्यातनं माझ्या मागं मागं येत होता. "वैजयंता! थांब! थांब म्हणतो ना!" मग गल्ली वळली आणि आवाज तुटला.

दादांचं बंद दुकान गेलं. पलीकडची वेस गेली. रस्ता खाली वळला आणि घाट सुरू झाला.

उतारावर पळणं चढापेक्षा सोपं नसतं. पाय आपोआप सुटतात, मांड्या पेटतात, आणि प्रत्येक वळणावर शरीर दरीकडं ओढ घेतं. मी दोन मुलांना मागं टाकलं. एकानं दचकून विचारलं, "तू इथं कशी?" मी म्हणाले, "पळत."

तेवढ्यात मागनं मोटारसायकल आली. चालवत होता रमाकांत, सरांचा भाचा. शर्यतीच्या पुढं-मागं गाडी फिरवून रस्ता मोकळा करायचं काम दर वर्षी त्याच्याकडं असे. मागं दादा बसले होते, त्याच्या खांद्याला धरून. ते जन्मात कधी मोटारसायकलवर बसले नव्हते.

"वैजे, थांब!" दादा ओरडले. "सर म्हणालेत, पुणं जाईल!"

"जाऊ द्या!"

"अगं, वेडी का काय तू? कशावर पाणी सोडायलीस!"

"आक्काला खुर्चीवर बसवून तमाशा केलेला दिसला नाही का तुम्हाला?"

रमाकांत वैतागला होता. "काका, ही अशी ऐकायची नाही," म्हणत त्यानं गाडी माझ्या बरोबरीला आणली आणि मला रस्त्याच्या कडेला दाबायला लागला. समोर मोठं वळण होतं. डाव्या हाताला बुटका कठडा, त्याच्या खाली नुसते खडक. मी वेग कमी केला नाही. त्यानंही केला नाही. गाडीचा दांडा माझ्या कोपराला घासला, मी कठड्यावर हात टेकून कशीबशी सावरले.

आणि दादा किंचाळले. तसला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"रमाकांत! पुन्हा तेच? पुन्हा हितंच?"

गाडी करकचून थांबली. मीही थांबले. दादा धडपडत खाली उतरले, गाडीच्या पुढं गेले आणि दोन्ही हातांनी हँडल धरून उभे राहिले. अंगानं ते किडकिडीत होते, पण रमाकांतला गाडी तसूभर पुढं नेता येईना.

"हितंच पाडलीस तू माझ्या प्रयागला," दादा म्हणाले. "अशीच गाडी घातलीस. पोरांच्या पुढं चालली म्हणून मजेत घातलीस. आन् मी वर्षभर चक्कर चक्कर करत बसलो!"

"काका, मिटलंय ना ते," रमाकांत इकडंतिकडं बघत म्हणाला. "चुकून झालं होतं. मामांनी शब्द दिलाय की तुम्हाला. धाकटीला पुण्याला पाठवतो म्हणून. आता कशाला उगाच…"

"त्या शब्दाला काय जाळायचंय मला? पाहुणे माझ्या पोरीला फेफरेकरीण म्हणून गेले!"

मी कठड्याला टेकून उभी होते. छाती भात्यासारखी चालली होती आणि एकेक गोष्ट जागेवर बसत होती. सतरंजीच्या सुरकुत्या, सुईत न जाणारा दोरा, आक्काचं 'फीत तोड आणि थांब'. चक्कर कधी आलीच नव्हती. माझ्या पुण्याच्या जागेसाठी आक्का पडली नव्हती, पण गप्प मात्र माझ्यासाठी राहिली होती. स्वतःच्या नावाला फेफरं लागलं तरी गप्प राहिली होती.

दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं.

"तू काय बघायलीस? पळ."

"दादा, पुणं…"

"पळ म्हणलं ना!"

असं म्हणून त्यांनी गाडीची किल्ली उपटली आणि दरीत भिरकावून दिली. रमाकांत "अहो काका!" म्हणत कठड्याकडं धावला. मी पळाले.

त्यापुढचा घाट मी कसा उतरले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी मोठ्यानं रडत होते आणि माझा वेग वाढत होता. एका वळणावर खाली घृष्णेश्वराचा तांबडा कळस दिसला, पलीकडं डोंगराच्या कुशीत लेण्यांची काळी तोंडं दिसली. मग सपाटी लागली, आणि समोर कैलास लेणं. अख्खा डोंगर माथ्यापासून खाली, कळस आधी आणि पाया शेवटी, असा कोरत माणसं तिथं उतरली होती. त्यांच्या दारात चुन्याची एक पांढरी रेघ मारली होती. मी ती ओलांडली.

रेघेपाशी घड्याळ घेऊन बसलेले गृहस्थ उभेच राहिले. "अगं, मुलींची शर्यत इथं नाही."

"आहे," मी म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले.

थोड्या वेळानं सर जीपनं आले. रागानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "पुण्याचं विसर आता," ते म्हणाले. "आणि पुढची दोन वर्षं या जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावर मला दिसू नकोस. अगं, तुझ्यासाठी मी काय काय केलं याची तुला कल्पना तरी आहे का?"

"आहे, सर. दादांनी सांगितलं."

सर एकदम थबकले. तेवढ्यात दादा घाटातनं चालत येऊन पोचले. सरांनी त्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण दादा जागचे हलले नाहीत.

"एकनाथराव, आपलं ठरलं होतं."

"मोडलं," दादा म्हणाले.

मग तिथं जमलेल्या सगळ्यांसमोर, घड्याळवाल्या गृहस्थांसमोर, बक्षिसाला थांबलेल्या मुलांसमोर, लेणी बघायला आलेल्या लोकांसमोर त्यांनी घाटातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. दादांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. मध्ये मध्ये अडखळत होते, पण थांबले नाहीत. सर एकदाच म्हणाले, "मुलाचं आयुष्य बरबाद झालं असतं हो, एकनाथराव." दादा म्हणाले, "पोरीचं झालंच की."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. पुणं गेलं ते गेलंच. मला पदक असं कधी मिळालं नाही; मी बी.पी.एड. केलं आणि सिल्लोडला मुलींच्या शाळेत खेळाची बाई झाले, अजून आहे. पाथ्रीकर सरांनी मंडळ सोडलं. एक वर्ष शर्यत झालीच नाही, आणि झाली तेव्हा मुली वेरूळपर्यंत पळाल्या. आक्कानं चार वर्षांनी लग्न केलं, स्वतःला पटलेल्या माणसाशी आणि कुणाला पोहे खाऊ न घालता. सर शेवटपर्यंत रस्त्यात भेटले की माझी चौकशी करायचे. मीही नमस्कार करायची. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी सरांना विचारलं, "आक्का कुठंय?"

"मी तिला जीपमध्ये बस म्हणालो होतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता. "नाही बसली."

आम्ही वाट बघत राहिलो. ऊन डोक्यावर आलं. मुलांची बक्षिसं कशीबशी उरकली. आणि मग लेण्याच्या रस्त्यावर एक घोळका दिसला. पुढं कन्नडची सुलभा होती. तिच्या मागं बाकीच्या मुली, पळायच्याच कपड्यांत, ज्यांची शर्यत वेशीत संपवली होती त्या सगळ्या. आणि त्यांच्या मधोमध हिरवं लुगडं खोचून, चपला हातात घेऊन, एक पाय ओढत आक्का येत होती. सगळा घाट ती त्या पायानं उतरली होती.

मी धावत गेले आणि हात पुढं केला. तिनं तो धरला नाही.

"पुणं घालवलंस ना?" चालता चालताच तिनं विचारलं.

"घालवलं."

"माझं वर्ष पाण्यात घातलंस," ती म्हणाली. मग घामेजल्या चेहऱ्यानं तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. किती तरी महिन्यांनी. "बरं केलंस. हो बाजूला."

मी बाजूला झाले. मुली मागं थांबल्या. आक्का एकटी पुढं गेली आणि ती चुन्याची रेघ, पायांनी निम्मीअर्धी पुसली गेलेली, तिनं ओलांडली. घड्याळवाले गृहस्थ पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी घड्याळात बघितलं.

सर पुढं झाले. "प्रयाग, अगं त्या पायानं घाट उतरलीस? काही झालं असतं म्हणजे?"

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. श्वास आवरला. आणि तिथल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"चक्कर येते का बघत होते, सर. नाही आली."